माझ्याच कम्प्युटरवर मी कोण?

"या फोल्डरमध्ये जाण्याची परवानगी तुम्हाला नाही." हे वाक्य वाचून चिडला नाही असा माणूस विरळा. बँकेत, कचेरीत, नोकरीच्या ठिकाणी नकार ऐकायची आपल्याला सवय असते. तिथलं यंत्र त्यांचं, नियम त्यांचे. घरात मात्र यंत्र आपलं, वीज आपली, पासवर्ड आपणच ठरवलेला आणि खात्याच्या नावाखाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' अशी पदवीसुद्धा छापलेली. तरीही एखादी जुनी फाइल पुसायला जावं तर विंडोजचं उत्तर येतं की आधी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर'ची परवानगी घ्या. हा ट्रस्टेड इन्स्टॉलर कोण, तो घरात कधी शिरला आणि मालकीण असताना मी त्याच्यापुढे अर्ज का करायचा?

या चिडीवर लोक जो इलाज करतात तोही ठरलेला. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जायचं, 'सिक्युरिटी' टॅब उघडायचा, यादीत 'एव्हरीवन' टाकायचा आणि 'फुल कंट्रोल'च्या चौकोनात टिक करायची. लिनक्सवाले तेच काम ७७७ हा आकडा, म्हणजे 'सगळ्यांना सगळे अधिकार', मारून उरकतात. काम होतं, यात वाद नाही. पण आपण नक्की कुणाला काय दिलं याचा विचार त्या क्षणी कुणी करत नाही. तो करावा म्हणून तर हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं की यंत्र आपल्याला 'मालक कोण' हे विचारतच नसतं. ते विचारतं, 'आत्ता हे काम कुणाच्या नावाने चाललंय?' हे दोन प्रश्न घरातल्या कम्प्युटरवर एकच वाटतात. ते एक नाहीत, आणि सगळी गंमत आणि सगळा मनस्ताप त्या फटीत आहे.

खातं ही कल्पना जन्मली तेव्हा घरात कम्प्युटर नव्हताच. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली चालवून दाखवली. एकच अवाढव्य यंत्र, त्याला जोडलेली अनेक टर्मिनलं आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजून दिलेला वेळ. कुणी किती वेळ वापरला याचा हिशेब हवा आणि एकाच्या फाइली दुसऱ्याच्या हाती पडू नयेत, म्हणून खाती आणि पासवर्ड. पहिल्याच वर्षात त्यातून पळवाटही निघाली. अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपला वेळ पुरेना. त्याने १९६२ मध्ये पासवर्डची फाइलच छापून मागवली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. पुढे १९६६ मध्ये तर दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसू लागली. हा घोळ कारभाऱ्यांच्याच हातून, फाइली दुरुस्त करताना झाला होता. ज्याच्या हाती सर्वाधिकार त्याची चूकही सर्वांना भोवते, हे इतक्या लवकर कळूनही आपण घरोघरी सर्वाधिकार वाटत बसलो, याचं मला नवल वाटतं.

युनिक्स या प्रणालीने पुढच्या दशकात हे सगळं फार नेटकं करून टाकलं. फाइल वाचणं, लिहिणं, चालवणं हे तीन अधिकार. मालक, गट आणि बाकीचे हे तीन वर्ग. तीन त्रिक नऊ खुणांत सगळा कारभार. या सगळ्याच्या वर रूट नावाचं खातं, ज्याचा क्रमांक शून्य आणि ज्याला कुणी अडवत नाही. पण यात एक पेच होता. पासवर्डची फाइल रूटच्या मालकीची. मग साध्या माणसाने स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? डेनिस रिची यांनी उत्तर काढलं ते असं: काही मोजके प्रोग्राम, कुणीही चालवले तरी, आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतील. या युक्तीचं पेटंट १९७९ मध्ये मंजूर झालं. पासवर्ड बदलताना तुम्ही क्षणभर रूट होत नाही. रूटच्या नावाने चालणारा एक प्रोग्राम तुमच्यासाठी तेवढंच एक काम करतो आणि बाजूला होतो. माणूस वेगळा, त्याच्यासाठी राबणारा प्रोग्राम वेगळा, अधिकार कुणाचे हे तिसरंच.

जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात संगणक सुरक्षेची जी तत्त्वं मांडली, त्यातलं एक आज पाठ्यपुस्तकात सापडतं: प्रत्येक प्रोग्रामने आणि प्रत्येक वापरकर्त्याने, काम पुरं व्हायला लागतील तेवढ्याच अधिकारांवर चालावं. त्यात आधी प्रोग्राम येतो, मग माणूस. आपण घरी हे तत्त्व ऐकतो तेव्हा पहिला अर्धा भाग गाळूनच ऐकतो आणि मग 'म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का?' म्हणून फुगून बसतो.

घरगुती कम्प्युटर आला तो मात्र हा सगळा इतिहास खुंटीला टांगून. १९८१ च्या डॉस या प्रणालीला वापरकर्ता ठाऊकच नव्हता. जो की-बोर्डसमोर बसला तो राजा, आणि जो प्रोग्राम सुरू झाला तोही राजाच. विंडोज ९५ मध्ये नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली खरी, पण एस्केपचं बटण दाबलं की ती मुकाट्याने निघून जाई आणि समोर डेस्कटॉप हजर. ती चौकट नेटवर्कसाठी आणि ज्याचं त्याचं रंगरूप लक्षात ठेवण्यासाठी होती. तेव्हाच्या फाइल सिस्टिममध्ये 'ही फाइल कुणाची' हे लिहून ठेवायला जागाच नव्हती. ज्यांनी त्या काळात लहान भावंडांपासून आपला फोल्डर लपवायची खटपट केली असेल, त्यांना 'हिडन'ची टिक आणि तिचा फोलपणा दोन्ही आठवत असतील.

दुसरीकडे मायक्रोसॉफ्टचीच विंडोज एनटी १९९३ पासून कार्यालयांत चालत होती. तिच्यात खाती, मालकी, प्रत्येक फाइलमागे परवानग्यांची यादी असं सगळं पहिल्यापासून होतं. २००१ च्या विंडोज एक्सपीने ही कार्यालयातली चौकट घरात आणली. आता सुरुवातीला एक पडदा येई: हा कम्प्युटर कोण कोण वापरणार? लोक हौसेने घरातल्या सगळ्यांची नावं टाकत. ती सगळी नावं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होत, तीही बिनपासवर्डची. पाच माणसांचं घर आणि पाचही सरपंच.

याचा दोष लोकांना देण्यात अर्थ नाही. एक्सपीत 'लिमिटेड' नावाचं खातं होतं, पण त्यात जुने प्रोग्राम चालतच नसत. खेळ आपला स्कोअर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये स्वतःच्या शेजारीच लिहायला जाई आणि आपटे. प्रिंटरचं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या सामाईक सेटिंगमध्ये खरडायला जाई आणि रुसून बसे. वर्षानुवर्षं राजासारखं वागलेल्या प्रोग्रामांना प्रजेत राहणं जमेना. मग घरातला जाणता माणूस वैतागून म्हणे, 'जाऊ दे, अ‍ॅडमिन करून टाक.' हे वाक्य कितीतरी घरांत उच्चारलं गेलं असेल.

मग २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली आणि परवानगी विचारताना पडदा अंधारायला लागला. त्या अंधाराला लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या, मात्र त्यामागची रचना मला फार हुशारीची वाटते. अ‍ॅडमिन लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याच्यासाठी ओळखीची दोन टोकन बनवते. एक पूर्ण अधिकारांचं, दुसरं अधिकार छाटलेलं, साध्या माणसाचं. डेस्कटॉप सुरू होतो तो छाटलेल्या टोकनावर. म्हणजे किल्ल्यांचा जुडगा तिजोरीत आणि हातात फक्त आपल्या खोलीची किल्ली. ब्राउझर, वर्ड, गाणी वाजवणारा प्रोग्राम, सगळे त्या छोट्या किल्लीवर फिरतात. एखाद्याला जास्त काही हवं असेल तर विंडोज थांबते आणि विचारते. विचारताना पडदा काळवंडतो तो नाट्यासाठी नव्हे. त्या क्षणी तुम्ही वेगळ्याच डेस्कटॉपवर नेलेले असता, जिथे तुमच्या प्रोग्रामांचा हात पोचत नाही. त्यांना तुमच्या वतीने 'हो' दाबता येऊ नये म्हणून. मागे अंधुक दिसतात त्या तुमच्या खिडक्या नसतातच, तो त्यांचा काळा केलेला फोटो असतो. कधी मागचं घड्याळ किंवा चालू असलेला व्हिडिओ त्या वेळी बघा, गोठलेला दिसेल.

लोक वैतागले ते प्रश्नांच्या संख्येमुळे. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉस यांनी एका परिषदेत उघडच सांगितलं की वापरकर्त्यांना त्रास व्हावा म्हणूनच ही सोय घातली. त्यात तथ्य होतं. वापरकर्ते ओरडले की सॉफ्टवेअर बनवणारे सुधारतील हा हिशेब. तो जमलाही, आज बहुतेक प्रोग्राम अ‍ॅडमिनशिवाय गुण्यागोविंदाने राहतात. पण दुसऱ्याला शिस्त लावायला तिसऱ्याला छळायचं, या पद्धतीबद्दल मला प्रेम नाही. त्या काळात एक पिढी न वाचता 'येस' दाबायला शिकली. २००९ च्या विंडोज ७ ने प्रश्न कमी केले, बोटांची सवय मात्र गेली नाही.

मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते की अ‍ॅडमिन खात्यावर येणारा हा प्रश्न म्हणजे सुरक्षेची पक्की सीमा नव्हे. खरा फरक पडतो तो रोजचं खातं 'स्टँडर्ड', म्हणजे साधं, मर्यादित अधिकारांचं असेल तर. तेव्हा नुसतं 'येस' चालत नाही, दुसऱ्या खात्याचा पासवर्ड टाइप करावा लागतो. आणि टाइप करायला लागलं की माणूस वाचतो. निदान 'हा कुठला प्रोग्राम, मी तर फक्त पीडीएफ उघडली होती' एवढं तरी त्याच्या मनात येतं.

आता मावशीच्या डिस्कची गोष्ट सांगते, कारण परवानगी म्हणजे नक्की काय हे मला इतकं स्वच्छ दुसऱ्या कशानेच दाखवलं नाही.

मावशीचा लॅपटॉप बंद पडला. मदरबोर्ड गेला होता, डिस्क शाबूत होती. ती काढून यूएसबीच्या खोक्यात घातली आणि नव्या लॅपटॉपला जोडली. ड्राइव्ह दिसला, 'युजर्स' उघडलं, आत मावशीच्या नावाचा फोल्डर. त्यावर डबल क्लिक केलं आणि नकार आला.

"अगं, नाव माझंच आहे ना? पासवर्डसुद्धा मी मुद्दाम तोच ठेवलाय. मग हा मला ओळखत कसा नाही?"

मी सिक्युरिटी टॅब उघडून दाखवला. जिथे मावशीचं नाव असायला हवं होतं तिथे लिहिलं होतं 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ पासून सुरू होणारा लांबलचक आकडा, शेवटी १००१. विंडोजच्या लेखी मावशी म्हणजे हा आकडा. खातं बनवताना तो त्या यंत्रावर तयार होतो. नाव ही वर लावलेली पाटी. नव्या लॅपटॉपवर खातं बनलं तेव्हा नवा आकडा बनला. शेवटचा १००१ तोच, मधले तिन्ही मोठे आकडे वेगळे. जुन्या डिस्कला ओळखीचा होता तो आकडा त्या मेलेल्या यंत्राबरोबर गेला. नाव, पासवर्ड, चेहरा, बोटाचा ठसा, यातलं काहीही फाइलीच्या शेजारी लिहिलेलं नसतं.

चौकटीत खाली 'कंटिन्यू' असं बटण होतं: दाबा, आणि कायमचा प्रवेश मिळवा. दाबलं. वर पत्त्याच्या पट्टीत हिरवी रेघ सरकू लागली. आत एकेका फाइलीच्या यादीत नव्या मावशीचा आकडा लिहिला जात होता. रेघ टोकाला गेली आणि लग्नाचे, बारशांचे, सहलींचे फोटो उघडले.

मावशी खूश झाली, आणि लगेच तिने विचारलं, "म्हणजे ही डिस्क चोराने नेली असती तर त्यालाही असंच उघडलं असतं?"

हो. चोरालाही. परवानगीची यादी पाळायची की नाही हे चालू असलेल्या विंडोजच्या हाती असतं. डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली की तिथला अ‍ॅडमिन म्हणेल ती पूर्वदिशा. ज्या बायकोने, नवऱ्याने, मुलीने 'माझ्या खात्याला पासवर्ड आहे' म्हणून निर्धास्तपणे डायरी लिहिली, तिची डायरी घरातल्या अ‍ॅडमिनपासून एका 'कंटिन्यू'च्या अंतरावर असते. त्यातही एक बारकी गोष्ट आहे, आणि मला ती आवडते: ते बटण दाबणाऱ्याचं नाव त्या फोल्डरच्या यादीत कायमचं चिकटतं. डोकावणाऱ्याला बहुधा हे माहीत नसतं.

घरातला अ‍ॅडमिन हे म्हणूनच नुसतं तांत्रिक पद नाही. तो इतरांचा पासवर्ड बदलू शकतो, नवी खाती काढू शकतो, कोण किती वेळ बसणार हे ठरवू शकतो. लहान मुलांच्या बाबतीत ते ठीक. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या किंवा सत्तरीतल्या सासऱ्यांच्या बाबतीत? सासऱ्यांना 'तुम्हाला काही कळायचं नाही' असं तोंडावर न सांगता स्टँडर्ड खातं देऊन सांगितलं जातं, आणि ते त्यांना बरोबर कळतं. माझ्या मते यावर तोडगा एकच: घरात रोजच्या वापरासाठी कुणीही अ‍ॅडमिन असू नये, ज्याला सगळं कळतं तो तर मुळीच नाही. सगळ्यांची खाती स्टँडर्ड आणि एक वेगळं अ‍ॅडमिन खातं, ज्यात बसून कुणी मेल वाचत नाही की व्हिडिओ बघत नाही. मग पासवर्ड मागणारी चौकट सासऱ्यांनाही येते आणि इंजिनियर सुनेलाही. मानापमान निम्मे तिथेच मिटतात.

एवढं करून सगळं सुरक्षित झालं असं मात्र कुणी समजू नये. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर सॉफ्टवेअरला अ‍ॅडमिन व्हायची गरजच काय? विंडोजच्या फाइली गेल्या तर गेल्या, त्या परत टाकता येतात. फोटो, मुलांचे प्रकल्प, हिशेबाच्या शीट, अर्धवट लिहिलेली पुस्तकं ही सगळी आपल्या स्वतःच्या फोल्डरात, आपल्या स्वतःच्या परवानगीत. आपण चालवलेला कुठलाही प्रोग्राम आपल्याच नावाने चालतो, आणि आपलं लिखाण बदलायची परवानगी आपल्याला असतेच. फाइल सिस्टिमच्या दृष्टीने आपण फोटो कापणं आणि एखाद्या चोरट्या प्रोग्रामने ते कुलूपबंद करणं यात काडीचाही फरक नाही. दोन्ही आपणच केलेलं.

फोनने हा प्रश्न उलटा फिरवला. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच आहे, पण तिथे खात्याचा क्रमांक माणसाला न देता प्रत्येक अ‍ॅपला दिला. विजेरीचं अ‍ॅप एक रहिवासी, बँकेचं अ‍ॅप दुसरा, आणि एकाला दुसऱ्याच्या फाइली दिसत नाहीत. सॉल्ट्झर आणि श्रोडरच्या वाक्यातला तो गाळलेला अर्धा भाग इथे कुणीतरी मनावर घेतला. विंडोजमध्येही २०१७ पासून 'ठरावीक फोल्डरांत ठरावीक प्रोग्रामांनाच लिहू द्या' अशी सोय आहे. ती मुळात बंद असते आणि घरोघरी बंदच राहते.

या सुधारणेची किंमत अशी की फोनवर रूट कुणीच नसतो, निदान आपण तरी नसतो. मॅकवर २०१५ पासून रूटलाही प्रणालीच्या मुख्य फाइलींना हात लावता येत नाही. विंडोजमधला तो ट्रस्टेड इन्स्टॉलर याच जातीचा, प्रणालीच्या फाइलींची मालकी सांभाळणारा. यातून फायदा होतो हे मला मान्य आहे, आणि तरीही ते पूर्ण गोड लागत नाही. विंडोजवर निदान 'मालकी घ्या' हा पर्याय खोल कुठेतरी ठेवलेला आहे. मी तो सहसा वापरत नाही. तो आहे म्हणून बरं वाटतं.

मावशीच्या डिस्कचं जे झालं ते नव्या यंत्रांवर बहुधा होणार नाही. आता अनेक लॅपटॉप पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवतात. तिथे 'कंटिन्यू' नाही. अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की असेल तर डिस्क उघडते, नसेल तर चोर, भाची आणि मालकीण सगळ्यांना सारखाच नकार. ही की जाऊन बसते ती पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्या अ‍ॅडमिनच्या खात्यात, आणि पुष्कळ घरांत तो अ‍ॅडमिन म्हणजे लॅपटॉप सुरू करून द्यायला आलेला भाचा, जावई किंवा मुलीचा मित्र असतो. त्याला स्वतःला हे आठवतही नसतं. मावशीच्या नव्या लॅपटॉपची की माझ्या खात्यात निघाली. ती तिच्या खात्यात हलवली, कागदावर उतरवून दिली, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड मावशीने माझ्यासमोर बदलला. मला तो माहीत नाही.